वादळ अर्ध्या तासाचं, तयारी मात्र चैत्रातली : वादळी वारा, गारपीट अन् वीज यांबद्दल जिल्ह्यातल्या माणसाला माहीत असावं असं सगळं

बुलढाणा : जून २०२४ मध्ये चिखली तालुक्यातल्या देऊळगाव घुबे इथं वादळी वारा सुटला आणि एका घरावरची टिनपत्रे उडाली. ज्या लोखंडी अँगलवर पत्रे बसवले होते, त्याच अँगलला बाळाचा पाळणा बांधलेला होता. पत्रे गेले, अँगल गेला, सोबत पाळणाही गेला. सहा महिन्यांची चिमुकली त्यात दगावली.

त्याच्या आदल्या वर्षी, ९ एप्रिल २०२३ ला, शेगाव-अकोला रेल्वेमार्गावरच्या पारस गावात (ता. बाळापूर) संस्थानावर भाविक जमले होते. वारा अन् पाऊस सुरू झाला म्हणून लोक टिनाच्या शेडखाली उभे राहिले. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं. सात जणांचा जीव गेला.

दोन्ही ठिकाणी लोकांनी काही चूक केली असं म्हणता येत नाही. पाळणा अँगललाच बांधतात. पाऊस आला की माणूस शेडखालीच जातो. पण आपल्या भागातलं वादळ माणसाला कसं मारतं, ते या दोन घटनांतून कळतं. नुसता वारा क्वचितच जीव घेतो. जीव जातो तो उडालेल्या टिनाने, पडलेल्या झाडाने, तुटलेल्या तारेने नि विजेने. आणि या चारही गोष्टींचा बंदोबस्त वादळाच्या आधी, कोरड्या दिवसांतच करता येतो. वारा सुटल्यावर हाती काही राहत नाही.

समुद्रावरच्या चक्रीवादळाला नाव असतं. ते कुठं धडकणार हे दोन-तीन दिवस आधी कळतं, माणसं हलवली जातात. आपल्या वादळाला नाव नाही. दुपारी तीनला आभाळ भरतं, साडेतीनला वारा येतो, चारला ऊन पडतं. मधल्या अर्ध्या तासात गावाचं होत्याचं नव्हतं होतं. म्हणून ही माहिती एका जागी दिली आहे. कात्रण ठेवा, नाहीतर फोनमध्ये जपून ठेवा.

आपल्याकडे नेमकं काय येतं?

*वावटळ.* मार्च ते मे या काळात निरभ्र आभाळात, तापलेल्या वखरलेल्या वावरात धूळ, पालापाचोळा गोल फिरत वर जातो ती वावटळ. ती जमिनीच्या उष्णतेने तयार होते, ढगाशी तिचा संबंध नसतो. एखादं दुसरं टिन, मांडवाचं कापड, वाळायला टाकलेली डाळ ती उडवते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत विरते.

*ढगातून उतरणारी चक्री वावटळ.* टीव्हीवर अमेरिकेतला टोर्नाडो दाखवतात तो हा प्रकार. हा मोठ्या गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो. आपल्या देशाच्या बाजूला त्याचा जोर पश्चिम बंगाल, ओडिशा, आसाम आणि शेजारच्या बांगलादेशात आहे. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या दौलतपूर-साटुरिया भागात अशा एका वादळाने सुमारे १,३०० माणसं गेली. आपल्या जिल्ह्यात हा नेहमीचा पाहुणा नाही.

*वादळी वारा.* आपल्याकडे घरं-बागा आडव्या होतात त्या बहुतेक वेळा याच्याने. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत येतो आणि त्यातला काही भाग हवेतच वाळतो. त्याने ती हवा एकदम थंड नि जड होते, धपकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. हंड्यातलं पाणी फरशीवर ओतल्यावर जसं पसरतं, तसंच. पाऊस यायच्या आधी जो गार झोत अंगावर येतो, तो हाच. झोत जोरदार असला की तोच वादळ.

चक्री वावटळ होती की सरळ वारा, हे नंतरही ओळखता येतं. केळीची बाग किंवा पडलेली झाडं बघा. सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पसरून आडवी असतील तर सरळ वारा. एकमेकांत गुंतून, पिळवटून, वाटेल त्या दिशेला पडली असतील तर चक्री.

*गारपीट.* तापलेली हवा जोरात वर चढते, सोबत पाण्याचे थेंब नेते. वर बर्फाच्या थरात ते गोठतात. जोवर खालून वारा उचलतो तोवर गार मोठी होत राहते, झेपेनाशी झाली की पडते. गारपीट ही फक्त पिकाची आपत्ती नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारांनी सर्वाधिक माणसं मेल्याची घटना भारतातलीच आहे : ३० एप्रिल १८८८, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद, २४६ मृत्यू.

*चक्रीवादळाचं शेपूट.* समुद्र आपल्यापासून दूर असला तरी त्याचं उरलंसुरलं आपल्यापर्यंत पोचतं. ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ कमजोर होत दुसऱ्या दिवशी पश्चिम विदर्भावर आलं होतं. सप्टेंबर २०२१ मधलं गुलाब चक्रीवादळ आंध्राच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ चढलं, तेलंगण ओलांडून मराठवाडा-विदर्भाकडं सरकलं. ऐन सोयाबीन सोंगणीच्या तोंडावर पाऊस झाला. असं शेपूट येतं तेव्हा वाऱ्यापेक्षा पाण्याचा त्रास जास्त.

वर्षाचं गणित

आपल्या जिल्ह्यात कोणताच हंगाम पूर्ण बिनधोक नाही. पण कधी काय सांभाळायचं हे ठरलेलं आहे.

फेब्रुवारी-मार्च हा गारपिटीचा काळ. बंगालच्या उपसागरावरून येणारं बाष्प आणि उत्तरेकडून येणारी कोरडी गार हवा विदर्भावर एकमेकांना भिडते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट झाली, ती अजून कोणी विसरलेलं नाही. गहू, हरभरा, कांदा बीजोत्पादन याच काळात वावरात उभं असतं.

एप्रिल-मे मध्ये दुपारनंतरचा वादळी वारा नि वीज. घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूरकडं संत्रा, केळी. सगळीकडं आंबा, लिंबू. लग्नाचे मांडवही याच काळात उभे असतात.

जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यात सांभाळायचा. पेरणीच्या गडबडीत सगळं गाव वावरात असतं आणि तेव्हाच मान्सूनपूर्व ढग फुटतात.

जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्यापेक्षा पुराचं भय मोठं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस, पुन्हा वीज, आणि सोयाबीनच्या सुड्या उघड्यावर.

नोव्हेंबरनंतर सुटलो असं वाटतं. पण नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी अन् गारांनी देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार भागातले शेडनेट जमीनदोस्त केले. बियाणे कंपन्यांसाठी भाजीपाल्याचं बी घेणाऱ्या शेतकऱ्यांची वर्षाची कमाई त्यात होती.

अंदाज कसा वाचायचा?

विदर्भाचा अंदाज नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं. त्यात जिल्ह्यापुढं रंग असतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच कृती करा. पिवळा आहे म्हणून काही होणार नाही, असं समजू नये. पूर्ण जिल्ह्याला पिवळा असतानाही एखाद्या शिवारावर ढग असा फुटू शकतो, की शेजारच्या गावात थेंब नाही नि तुमच्या वावरात गारांचा थर.

अंदाजात 'ताशी ३० ते ४० किमी' किंवा '५० ते ६० किमी वेगाने वारे' असं लिहिलेलं असतं. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

रोजच्या अंदाजापेक्षा कामाचा तो पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा. तो हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपवर मिळतो. आपत्तीचे इशारे 'सचेत' ॲपवर येतात. पिकाचा सल्ला 'मेघदूत'वर. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप आहे. आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असली तर ते दाखवतं. हे ॲप चालायला फोनचं लोकेशन सुरू असावं लागतं. घरातल्या पोराला सांगून आजच टाकून घ्या.

भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेला होते, ती ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. तिच्यावर श्रद्धा असणं-नसणं ज्याचं त्याच्यापाशी. पण ती वर्षाचं बोलते. आज दुपारी चार वाजता आपल्या धुऱ्यावर काय होणार, हे तिच्यात नसतं.

फोन नसला तरी डोळे आहेत. दुपारी ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत उंच चढतोय, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरट झालाय, पोट काळं-निळं पडलंय, उकाडा असह्य झाला नि वारा एकाएकी थांबला, मग गार झोत आला. इतकं दिसलं की काम सोडावं. राहिलेलं तास उद्या निघेल.

घर अन् टिनपत्रे

गावोगावी टिनावर दगड ठेवलेले दिसतात. आमच्या कोठ्यावर पण कितीतरी वर्षं दगडंच होते. एका मे महिन्यात वारा आला, टिन गेलं ते गेलंच, आणि दगड खाली बांधलेल्या गोऱ्ह्याजवळ येऊन पडला. वीतभर चुकला. त्या दिवशी दगडाचा हिशेब करून बघितला.

दहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद पत्रा म्हणजे साधारण तीन चौरस मीटर. ताशी ६० किमीच्या वाऱ्याचा त्यावर येणारा जोर ढोबळमानाने ५० किलोचा. ताशी १०० किमीला तोच जोर १४० किलोच्या घरात जातो. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना यापेक्षाही जास्त. त्यात वाऱ्याकडचं दार उघडं असलं तर हवा आत शिरून छताला खालून उचलते. दहा-पंधरा किलोचा दगड यात काय धरणार? तो टिन धरत नाही, पडून डोकं मात्र फोडतो.

मग काय करावं?

- दगड, जुने टायर, लाकडं छतावरून उतरवा. पत्रा अँगलला किंवा पाइपला हुक-बोल्टने कसा. बोल्टखाली मोठं वायसर हवं, नाहीतर बोल्ट जागेवर राहतो आणि पत्रा फाटून निघतो.
- कडेच्या ओळींना, म्हणजे पन्हाळीकडं आणि दोन्ही बाजूंच्या टोकांना, मधल्यापेक्षा जवळजवळ बोल्ट मारा. पत्रा उचकटायला सुरुवात कडेपासूनच होते.
- नुसता पत्रा अँगलला बांधून भागत नाही. देऊळगाव घुबेला पत्र्यासोबत अँगलही गेला. अँगल भिंतीत किंवा खांबात गच्च धरलेला पाहिजे. विटांच्या भिंतीवर नुसता टेकवलेला अँगल म्हणजे पतंगाची काडी. भिंतीत खालपर्यंत गज सोडून त्याला वेल्डिंग करा, किंवा जाड तारेने भिंतीच्या खालच्या भागाला आवळा.
- भिंतीबाहेर आलेला पत्रा एक-दीड फुटापेक्षा जास्त नको. ओसरीचं छप्पर घराच्या छपरापासून वेगळं ठेवा. ओसरी गेली तरी घर राहतं.
- गंजलेले हुक दरवर्षी बदला. शे-दोनशे रुपयांचं काम आहे.
- पाळणा, झोका टिनाच्या अँगलला बांधू नका. वेगळ्या लोखंडी स्टँडवर टाका. तेवढं शक्य नसेल तर आभाळ भरून आलं की लेकराला पहिलं पाळण्यातून काढा.

वारा सुटला की वाऱ्याकडची दारं-खिडक्या लावा. घरात स्लॅबची खोली असेल तर सगळे तिथं. नसेल तर शेजारच्या स्लॅबच्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत. हे वारा यायच्या आधी. वारा सुरू झाल्यावर अंगणातून पळू नये, कारण उडणारं टिन कोयत्यासारखं कापतं. अशा वेळी आतल्या भिंतीला लागून, खाटेखाली किंवा मजबूत टेबलाखाली बसावं, डोक्यावर उशी-गोधडी घ्यावी. आणि उडणारा पत्रा हाताने धरायला जाऊ नये. तीन माणसं लटकली तरी तो माणसांसकट उचलतो.

झाड, मांडव, होर्डिंग

पारसची घटना सांगते की मोठ्या जुन्या झाडाखालचं टिनशेड हा निवारा नाही. आपल्या कितीतरी मंदिरांच्या, एसटी थांब्यांच्या, आठवडी बाजाराच्या शेडवर असंच झाड आहे. झाड पाडा असं कोणी म्हणत नाही. त्याची सावली सगळ्यांना पाहिजे. पण बुंध्यात ढोली आहे का, एका बाजूच्या मुळ्या सिमेंट रस्त्यासाठी तोडल्या आहेत का, झाड एकीकडं कललंय का, वाळलेल्या फांद्या आहेत का, हे मार्चमध्येच बघता येतं. गावातल्या झाडासाठी ग्रामपंचायतीकडं, रस्त्यालगतच्या झाडासाठी बांधकाम विभागाकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

लग्नाच्या मांडवाला कापड बांधलं की तो शिडासारखा वारा धरतो. मांडववाल्याला दोन गोष्टी विचारा : खांब जमिनीत किती गेले, आणि कापड पटकन सोडायची सोय आहे का. वारा दिसताच कापड सोडायचं, सांगाडा उभा राहू द्यायचा. वऱ्हाडी मंडळींना जवळच्या शाळेत न्यायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

होर्डिंगचंही तेच. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेही असंच वळवाचं वादळ होतं. आपल्या तालुक्याच्या चौकातले बॅनरही वाऱ्यात तितकेच बेभरवशाचे. मोटारसायकल त्याखाली लावून थांबू नका.

वावरात असताना वीज

जुने लोक म्हणतात, पायाळू माणसावर वीज पडते. वीज जन्म बघत नाही, उंची बघते. सपाट वावरात एकटं झाड किंवा एकटा माणूस, दोन्ही तिच्यासाठी सारखेच.

वीज चमकली की मोजायला लागा. तीन सेकंदांनी आवाज आला तर ती साधारण एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आपण धोक्याच्या टापूत आहोत, काम थांबवा. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर येऊ नका. पाऊस थांबला म्हणून लगेच निघालेला माणूस सापडतो.

झाडाखाली उभं राहू नये. झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून बाजूला पसरते. म्हणूनच झाडाखाली जनावरं एका वेळी पाच-दहा मरतात. त्यांचे पुढचे-मागचे पाय दूर असतात, एका पायातून करंट शिरून दुसऱ्यातून निघतो. माणसानेही म्हणूनच पाय जुळवून ठेवायचे.

पक्क्या घरात किंवा बंद काचेच्या चारचाकीत आसरा घ्या. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल, चारी बाजूंनी उघडं टिनशेड, झोपडी, मचाण हा आसरा नव्हे. काहीच जवळ नसेल तर खोलगट पण पाणी न साचलेल्या जागी पाय जुळवून उकिडवं बसा, मान खाली, कानावर हात. आडवं झोपू नका. मजूर जास्त असतील तर घोळका करू नका, अंतर ठेवून बसा.

तारेचं कुंपण, झटका मशीनची तार, ठिबकचा लोखंडी पाइप, विहिरीतलं पाणी यांपासून लांब राहा. मोटार बंद करायची म्हणून स्टार्टरच्या पेटीला हात लावायला जाऊ नका. मोबाइल खिशात आहे म्हणून वीज पडते, हे खरं नाही. पण चार्जिंगला लावलेला फोन त्या वेळी हातात नको.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो आणि लगेच लावायला पाहिजे. श्वास नसेल, नाडी लागत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला लावा. शेणात पुरणं, अंगाला माती लावणं यात जी दहा मिनिटं जातात, तीच जीव वाचवायची असतात.

पीक, शेडनेट, फळबाग, जनावरं

सोंगलेलं सोयाबीन, हरभरा, गहू अंदाज बघूनच सोंगा. सुडी उंचवट्यावर लावा, ताडपत्रीला दगड न ठेवता दोरीने खालून आवळून खुंट्या मारा. कुटाराचंही तसंच.

शेडनेटमध्ये वारा जाळीला धरतो आणि जाळी सांगाड्याला ओढते. पाया खोल काँक्रीटचा हवा, कडेचे खांब ताणाच्या तारांनी बांधलेले हवेत. गारा नि वारा दोन्हींचा इशारा असेल तर छताची जाळी सोडता येईल अशी बांधणी असावी. जाळी नवीन घेता येते, वाकलेले पाइप भंगारात जातात.

केळीला घड लागल्यावर टेकू किंवा पट्टी बांधा. पश्चिमेच्या धुऱ्यावर शेवरी, गजराज गवत, बांबू यांची वाराआड ओळ लावा. गारपिटीनंतर संत्रा, लिंबू, डाळिंबाच्या सालीवर जखमा होतात. मोडलेल्या फांद्या कापून त्या जागी बोर्डोपेस्ट लावा.

जनावरं आभाळ आलं की झाडाखालून सोडवा. कोठ्याचं टिन कच्चं असेल तर कोठ्यातही दावणीला गच्च बांधून ठेवू नका, गाठ ओढताच सुटेल अशी मारा. जखमी जनावरासाठी पशुवैद्यकीय मदत १९६२ वर मिळते.

वादळ गेल्यावर

पहिलं माणसं मोजा. मग तारा बघा. रस्त्यात, वावरात, साचलेल्या पाण्यात पडलेली तार मेलेली आहे असं धरू नका. महावितरणला १९१२ वर कळवा, तोवर दोन माणसं उभी करून लेकरं-जनावरं अडवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, पोलीस नि इतर तातडीसाठी ११२.

त्यानंतर फोटो. टिन उचलायच्या, मेलेलं जनावर पुरायच्या, पडलेली केळी तोडायच्या आधी. फोटोत आजूबाजूची ओळखू येणारी गोष्ट, म्हणजे घराचं दार, विहीर किंवा शेजारचा धुरा आला पाहिजे. तारीख नि ठिकाण दिसणारा फोटो चांगला.

पंचनामा अन् मदत

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. तुम्ही गावात नसाल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा. पंचनाम्यात आपलं नाव, गट क्रमांक, पीक नि क्षेत्र नीट लिहिलं का ते वाचून सही करा. पिकासाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. ई-पीक पाहणी केलेली नसेल तर इथंच अडतं.

केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर असे :

- माणसाचा मृत्यू : वारसाला ४ लाख रुपये
- दुभती गाय, म्हैस : ३७,५०० रुपये, बैल : ३२,००० रुपये, वासरू : २०,००० रुपये, शेळी, मेंढी : ४,००० रुपये
- पूर्ण पडलेलं घर : सपाट भागात १ लाख २० हजार रुपये
- किमान १५ टक्के पडझड : पक्कं घर ६,५०० रुपये, कच्चं घर ४,००० रुपये
- गोठा : ३,००० रुपये
- पीक : कोरडवाहू हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत १७,००० रुपये, बहुवार्षिक २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत

राज्य सरकार काही वेळा स्वतंत्र निर्णय काढून दर किंवा मर्यादा वाढवतं. म्हणून आपल्या नुकसानीच्या तारखेला कोणता निर्णय लागू आहे, ते तहसीलमध्ये विचारा.

केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, गारपीट आहे, वीज नाही. पण महाराष्ट्राने वीज आणि अवेळी पाऊस या राज्याच्या आपत्ती म्हणून धरल्या आहेत, त्यामुळे वीज पडून मृत्यूलाही मदत मिळते. त्यासाठी शवविच्छेदन आणि पोलिसांचा पंचनामा लागतो. दुःखाच्या घाईत अंत्यविधी उरकला तर नंतर वीज पडूनच गेला, हे दाखवायला कागद राहत नाही. जनावराचंही पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, त्यातही वीज येते. तिच्या अटी तालुका कृषी कार्यालयात लगेच विचारा.

मदत थेट खात्यात येते. यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते. बऱ्याच जणांचे पैसे आधार खात्याला जोडलेलं नसल्यानेच अडकून राहतात.

पीक विम्याबद्दल एक बदल ध्यानात ठेवा. पूर्वी गारपिटीनंतर ७२ तासांत तक्रार केली की वैयक्तिक नुकसानीचा पंचनामा व्हायचा. खरीप २०२५ पासून राज्यात हे संरक्षण काढून भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठेवली गेली. त्यामुळे महसूल विभागाच्या पंचनाम्याचं वजन वाढलंय. विमा भरताना त्या हंगामाच्या अधिसूचनेत काय आहे ते वाचूनच भरा. संत्रा, केळीसारख्या फळबागांना हवामान आधारित फळपीक विमा वेगळा आहे. गारपीट आणि केळीसाठी वेगाचा वारा त्यात येतो. तिथं कळवायची मुदत पाळावी लागते.

अक्षय तृतीयेच्या आधी

वर सांगितलेल्या दरांकडं पुन्हा एकदा बघा. गोठ्याचे तीन हजार, पक्क्या घराच्या पडझडीचे साडेसहा हजार. एवढ्यात नवीन टिनंही येत नाहीत. वादळानंतरची मदत कधीच पुरी पडणार नाही, तेव्हा जे वाचवायचं ते आधीच.

म्हणून पाडवा झाला की एक दिवस काढा. छतावर चढून दगड उतरवा, हुक बदला, अँगल हलवून बघा. घरावरची वाळलेली फांदी तोडा. पाळण्याची जागा बदला. दामिनी ॲप टाका. गावात कोणाच्या स्लॅबच्या घरात जायचं ते बोलून ठेवा, विशेषतः म्हातारी माणसं एकटी राहतात त्यांचं. बँक खात्याला आधार जोडलंय का ते बघा.

एका दिवसाचं काम आहे. भेंडवळला घट मांडला जाईल तोवर एवढं उरकलेलं असलं, तर मे-जूनमधल्या त्या अर्ध्या तासात घरातल्या माणसांनी आत बसून वारा ऐकायचा, एवढंच उरतं.